परळचा मूत्रपिंडविकार विभाग आणि खान्देशातील रुग्ण

मूत्रपिंडाचा आजार बळावलेल्या रुग्णाला ‘मुंबईला घेऊन जा’ असे सांगितले जाते, तेव्हा धुळे, देवपूर, शिरपूर वा साक्रीकडील कुटुंबांच्या डोळ्यांसमोर बहुधा परळचे के. ई. एम. रुग्णालय उभे राहते. मुंबई-आग्रा मार्गाने धुळ्याहून मुंबई सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आहे. हे अंतर एकदा कापणे शक्य असते. आठवड्यातून तीनदा नव्हे. मूत्रपिंडविकाराच्या उपचाराचा सगळा पेच या साध्या हिशेबात आहे. म्हणूनच मोठ्या शहरातील अध्यापन रुग्णालयाने घडविलेले शास्त्र आणि जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध होणारी सेवा, या दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो.

राष्ट्रीय बाण्याची संस्था

शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय १९२६ मध्ये परळ येथे सुरू झाले. देणगीदारांच्या विश्वस्तांनी घातलेली अट मोलाची होती : अध्यापनाचे काम भारतीय डॉक्टरांकडेच असावे. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती वैद्यकीय शिक्षण असण्याच्या त्या काळात ही अट धाडसाचीच म्हणावी लागेल. डॉ. जीवराज मेहता हे संस्थेचे आद्य अधिष्ठाता. पुढे १९६० मध्ये ते गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. रुग्णालय मुंबई महानगरपालिकेचे, तर महाविद्यालय प्रारंभी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर राज्यातील इतर वैद्यकीय महाविद्यालयांप्रमाणे ते या विद्यापीठाच्या कक्षेत आले. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही याच विद्यापीठाशी संलग्न आहे.

मूत्रपिंडविकारशास्त्र ही वैद्यकाची तुलनेने तरुण शाखा आहे. १९४३ मध्ये नेदरलँड्समधील कांपेन या गावी डॉ. विलेम कोल्फ यांनी युद्धाच्या धामधुमीत फिरत्या पिंपाचे कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. १९५४ मध्ये बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केले. त्यासाठी १९९० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० मध्ये सिअॅटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिनीत कायम ठेवता येणारी नळी बसविली आणि वारंवार डायलिसिस करणे प्रथमच शक्य झाले. भारतात हे तंत्र साठच्या दशकात अवतरले.

के. ई. एम.चे नाव या इतिहासात फार लवकर येते. मे १९६५ मध्ये या रुग्णालयात मृत दात्याचे मूत्रपिंड बसविण्याचा देशातील पहिला प्रयत्न झाला. हृदय प्रत्यारोपणाच्या धाडसी प्रयत्नामुळे १९६८ मध्ये जगभर ज्ञात झालेले डॉ. प्रफुल्लकुमार सेन याच संस्थेतील शल्यविशारद होते. मूत्रपिंडाचा तो पहिला प्रयत्न दीर्घकाळ टिकणारे यश देऊ शकला नाही. जिवंत दात्याकडून झालेल्या यशस्वी प्रत्यारोपणाचा मान १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला मिळाला. पुढे के. ई. एम.मध्ये मूत्रपिंडविकारांचा स्वतंत्र विभाग आकाराला आला. देशातील आद्य महिला मूत्रपिंडतज्ज्ञांमध्ये गणल्या जाणाऱ्या डॉ. विद्या आचार्य यांनी या विभागाचे प्रमुखपद भूषविले. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हा त्यांच्या अभ्यासाचा विशेष विषय.

विभागाचे काम कसे चालते

मूत्रपिंडविकार विभाग म्हटला की सामान्य माणसाला डायलिसिसची यंत्रेच आठवतात. प्रत्यक्षात काम सुरू होते ते बाह्यरुग्ण कक्षात. निरोगी माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातील बहुतेक सर्व पुन्हा शोषला जाऊन दीड-दोन लिटर लघवी तयार होते. रक्तदाबाचे नियमन, तांबड्या पेशींच्या निर्मितीला चालना आणि हाडांसाठी आवश्यक असलेले ‘ड’ जीवनसत्त्व कार्यक्षम करणे, ही कामेही मूत्रपिंडेच करतात. म्हणूनच ती निकामी होऊ लागली की पायावर सूज, धाप, पंडुरोग, अंगाला खाज, मळमळ अशी परस्परांशी संबंध नसल्यासारखी वाटणारी लक्षणे एकत्र दिसतात.

रक्तातील क्रिएटिनिनवरून गाळण्याचा वेग काढला जातो आणि त्यानुसार आजाराच्या पाच पायऱ्या मानल्या जातात. वेग मिनिटाला १५ मिलिलिटरच्या खाली गेला की पाचवी पायरी आली असे समजतात. लघवीतून प्रथिने जात असतील आणि कारण उलगडत नसेल, तर सुईने मूत्रपिंडाचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. या बायोप्सीसाठी विकृतिशास्त्र विभागाची जोड लागते. प्रत्यारोपणासाठी शल्यचिकित्सा, भूलशास्त्र, रक्तपेढी आणि ऊतीजुळणीची प्रयोगशाळा आवश्यक असते. पैशाची जुळवाजुळव, योजनांची कागदपत्रे, धर्मादाय निधी यांसाठी वैद्यकीय समाजसेवकांचे साहाय्य लागते. हे सारे एका छताखाली असणे हेच अध्यापन रुग्णालयाचे खरे बळ होय. याच विभागांतून एम. डी.नंतर तीन वर्षांचा अतिविशेष अभ्यासक्रम पुरा करणारे तज्ज्ञ तयार होतात.

रुग्णांच्या आजाराचे स्वरूपही काळानुसार पालटत गेले. एकेकाळी असुरक्षित गर्भपातातील जंतुदोषामुळे मूत्रपिंडे अचानक बंद पडलेल्या स्त्रिया देशभरातील मोठ्या रुग्णालयांत येत असत. १९७१ चा गर्भपातविषयक कायदा आणि प्रसूतिसेवेतील सुधारणा यांमुळे हे प्रमाण घटले. मुंबईत हिवताप आणि लेप्टोस्पायरोसिस यांनी ती जागा घेतली. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोच्या साथीने अनेकांची मूत्रपिंडे धोक्यात आणली. आज दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या मुळाशी मधुमेह आणि उच्च रक्तदाब हीच प्रमुख कारणे आढळतात.

खान्देशचे वेगळे प्रश्न

तापी-पांझरेच्या खोऱ्यातील रुग्णांचे चित्र मुंबईपेक्षा काहीसे निराळे आहे. कापसाच्या आणि केळीच्या शेतात राबणाऱ्या माणसाला सर्पदंशाचा धोका कायमचा. घोणस चावली तर तिच्या विषाने रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडते आणि मूत्रपिंडांवर थेट आघात होतो. अशा वेळी मांत्रिकाकडे दवडलेले तास पुढे डायलिसिसच्या रूपाने मोजावे लागतात. प्रतिविष लवकर मिळाले आणि लघवी कमी होताच डायलिसिस सुरू झाले, तर यांतील बरेच रुग्ण पूर्ण बरे होतात. मूत्रपिंडाची ही अचानक उद्भवणारी इजा पुष्कळदा परतवता येते, हे खेड्यापाड्यांत पोहोचण्याची गरज आहे.

उन्हाळ्यात धुळे-जळगावचा पारा ४५ अंशांकडे झेपावतो. घाम अधिक, पाणी कमी अशा स्थितीत मूतखड्याचा त्रास बळावतो. अंगदुखीवर दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या त्यात भर घालतात. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. तो मूत्रपिंडांनाही हळूहळू इजा पोहोचवतो. शिरपूर, साक्री, धडगाव, अक्कलकुवा या भागांत सिकलसेलच्या तपासणीबरोबर लघवीतील प्रथिनांची तपासणी होणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

डायलिसिसचा हिशेब

दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी झाली की डायलिसिस किंवा प्रत्यारोपण हे दोनच मार्ग उरतात. रक्ताचे डायलिसिस साधारणतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास करावे लागते. वर्षाला हा आकडा १५६ वर जातो. हातातील धमनी आणि नीला जोडून केलेला फिस्टुला त्यासाठी लागतो आणि तो वापरण्याजोगा होण्यास सहा ते आठ आठवडे जातात. त्यामुळे आजार चौथ्या पायरीवर असतानाच हा निर्णय घेणे आणि त्या हातातील शिरा सलाईनसाठी न वापरणे हिताचे असते. आयत्या वेळी मानेत नळी घालून केलेल्या डायलिसिसमध्ये जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो.

डायलिसिस केंद्र चालविणे म्हणजे केवळ यंत्रे आणून बसविणे नव्हे. यंत्रातून मिनिटाला सुमारे ५०० मिलिलिटर द्रावण वाहते; म्हणजे चार तासांत १२० लिटर अतिशुद्ध पाणी एका रुग्णासाठी लागते. एका रुग्णाची वार्षिक गरज अठरा हजार लिटरच्या पुढे जाते. शुद्धीकरणात वाया जाणारे पाणी निराळेच. नकाणे तलाव, डेडरगाव तलाव आणि तापी योजना यांवर विसंबलेल्या आणि पाणीटंचाई अनेकदा सोसलेल्या धुळे शहराला या आकड्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. अखंड वीज, प्रशिक्षित तंत्रज्ञ, कावीळ झालेल्या रुग्णांसाठी स्वतंत्र यंत्र आणि पाण्याची नियमित जंतुपरीक्षा यांवाचून केंद्राचा उपयोग होण्याऐवजी अपाय संभवतो.

खर्चाचा भार हलका करण्यासाठी शासनाने टप्प्याटप्प्याने पावले उचलली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली; त्यांत धुळ्याचा समावेश होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. डायलिसिस व मूत्रपिंड प्रत्यारोपण हे दोन्ही उपचार या योजनेत येतात. प्रत्यारोपणासाठीची अडीच लाख रुपयांची मर्यादा साडेचार लाख करण्याचा निर्णय जून २०२३ मध्ये झाला. केंद्राच्या २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांतून गरीब रुग्णांना मोफत सेवेचा मार्ग खुला झाला. एस. टी.च्या साध्या बसमध्ये डायलिसिसच्या रुग्णांना प्रवासभाड्यात पूर्ण सवलत आहे. उपचार मोफत असला तरी रोजंदारी बुडते आणि सोबतच्या माणसाचा दिवसही जातो. ही सवलत त्यामुळेच मोलाची वाटते.

दूरच्या पाड्यावरील रुग्णासाठी पोटाच्या डायलिसिसचा पर्याय आहे. पोटात बसविलेल्या नळीतून दिवसातून तीन-चार वेळा सुमारे दोन लिटर द्रावण घरीच बदलले जाते. यंत्र, वीज लागत नाही. स्वच्छता मात्र काटेकोर हवी, अन्यथा पोटातील आवरणाला जंतुदोष होतो. राष्ट्रीय कार्यक्रमात या पद्धतीचा समावेश करण्यासाठी २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे निघाली. २०२० च्या टाळेबंदीत वाहने बंद पडून देशभरातील अनेक रुग्णांचे डायलिसिस चुकले, तेव्हा घरच्या घरी होणाऱ्या या उपचाराचे महत्त्व ठळक झाले.

प्रत्यारोपण आणि कायदा

प्रत्यारोपणात नवे मूत्रपिंड ओटीपोटाच्या बाजूला बसवितात. जुनी मूत्रपिंडे सहसा काढली जात नाहीत. शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. एका यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही नियमित तपासणी आणि औषधांचा खर्च सुटत नाही, ही गोष्ट कुटुंबाला आधीच समजावून सांगणे हे विभागाचे कर्तव्य मानले जाते.

मूत्रपिंडांच्या खरेदी-विक्रीला पायबंद घालण्यासाठी संसदेने १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो लागू झालेल्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. याच कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडांचा निकटच्या नातलगांत समावेश झाला आणि दोन कुटुंबांतील दात्यांची अदलाबदल शक्य झाली. नातलग नसलेल्या दात्यासाठी प्राधिकृत समितीची अनुमती आवश्यक असते. पश्चिम विभागाचे प्रादेशिक अवयव व ऊती प्रत्यारोपण केंद्र के. ई. एम. रुग्णालयातच आहे.

देशात आजही बहुतेक मूत्रपिंडे जिवंत दात्यांकडून मिळतात आणि त्या दात्यांत आई, पत्नी, बहीण अशा स्त्रियांची संख्या अधिक असते. पुरुष रुग्णासाठी घरातील स्त्री पुढे होते. स्त्री रुग्णासाठी मात्र दाता मिळणे कठीण जाते. मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानाचे प्रमाण वाढल्याखेरीज ही विषमता कमी होणार नाही.

उपचारासाठी खान्देशातून गुजरातकडेही रुग्ण जातात. अहमदाबादच्या सिव्हिल रुग्णालयाच्या आवारात डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी उभारलेली मूत्रपिंड संस्था हे त्याचे ठळक ठिकाण. कॅनडातील व्यवसाय सोडून परतलेल्या डॉ. त्रिवेदी यांचे २०१९ मध्ये निधन झाले. एका शासकीय आवारातील विभाग वाढत जाऊन नामांकित संस्था होऊ शकतो, याचे ते उदाहरण आहे.

जळगावला २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यानंतर नंदुरबारलाही झाले. तीन जिल्ह्यांत तीन शासकीय अध्यापन रुग्णालये असणे ही खान्देशच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. येथे पूर्णवेळ मूत्रपिंडतज्ज्ञ, बायोप्सीची सोय, फिस्टुलाची शस्त्रक्रिया आणि प्रत्यारोपणानंतरची देखरेख मिळाली, तर मुंबईची वाट प्रत्यारोपणापुरतीच उरेल. तोवर हाती असलेला उपाय स्वस्त आहे. मधुमेह, रक्तदाब, मूतखडा वा सिकलसेल असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. मूत्रपिंडांचा बराचसा भाग निकामी होईपर्यंत हा आजार सहसा दुखत नाही. तो कळतो तपासणीतूनच.