जुन्या तबकड्या घेताना...

घरातील ज्येष्ठ व्यक्ती गेल्यावर माळा आवरायला काढला जातो आणि चार-पाच दशके जपलेला ध्वनिमुद्रिकांचा संग्रह किलोच्या भावाने रद्दीवाल्याकडे रवाना होतो. मुंबईच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीट, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, कोलकात्याचा फ्री स्कूल स्ट्रीट अशा ठिकाणी या तबकड्यांना दुसरा मालक मिळतो. न मिळाल्यास त्यांचे भंगार होते. म्हणूनच जुनी तबकडी विकत घेणे हा केवळ हौसेचा मामला उरत नाही. मात्र डोळसपणे खरेदी केली नाही, तर पैसेही जातात आणि हाती लागतो तो फक्त खरखराट. नव्या संग्राहकांसाठी ही माहिती.

तबकडी कोणती?

भारतात ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय सुरू झाला तो १९०२ च्या नोव्हेंबरात. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांच्यासह अनेक कलावंतांचा आवाज मुद्रित केला. या तबकड्या प्रारंभी जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात. १९०८ मध्ये कोलकात्यातील सियालदह येथे कारखाना निघाला आणि १९२८ मध्ये तो डमडम येथे गेला.

त्या काळातील तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणातून त्या बनत. म्हणूनच त्या जड असतात आणि हातातून निसटल्या की काचेसारख्या फुटतात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणे मावे. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत ३३⅓ फेऱ्यांची 'एलपी' आणि १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आली. या विनाइल नावाच्या प्लॅस्टिकच्या असल्याने सहसा फुटत नाहीत. पण उन्हात वाकतात आणि त्यांवर चरे पटकन पडतात.

घरात कोणते यंत्र आहे, हे खरेदीपूर्वीच ठरवावे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते; तिला साधारण तीन मिल, म्हणजे इंचाचा तीन सहस्रांश भाग, टोकाची सुई लागते. एलपीची सुई एक मिल किंवा त्याहून बारीक असते. एलपीच्या सुईने जुनी तबकडी वाजविल्यास ती खाचेच्या तळाशी घासत राहते व गोंगाट वाढतो. चावीच्या ग्रामोफोनवर तर एलपी कधीच लावू नये. जाड पोलादी सुई आणि आवाजपेटीचे वजन एकाच फेरीत ती निकामी करते.

आधी पाहा, मग भाव विचारा

तबकडी कडेने धरून डोळ्यांच्या रेषेत आणावी, म्हणजे ती वाकलेली आहे का ते कळते. मग उजेडाखाली तिरकी करावी. केसासारखे चरे बहुधा त्रास देत नाहीत; ज्यात नख अडकते तो चरा मात्र टकटक करणारच. काळी चकाकी जाऊन खाचा राखाडी दिसत असतील, तर ती जड सुईने झिजलेली आहे असे समजावे. ही झीज कोणत्याही उपायाने भरून निघत नाही. मधल्या छिद्राभोवती लेबलावर ओरखड्यांचे जाळे असेल, तर तबकडी पुष्कळ वेळा वाजलेली आहे. लाखेच्या तबकडीत बारीक तडा गेलेला असल्यास दर फेरीला, म्हणजे सेकंदाला एकाहून अधिक वेळा, ठोका ऐकू येतो.

वेष्टन आणि आतील तबकडी एकाच क्रमांकाची आहे ना, हे तपासणे अत्यावश्यक. बाजारात अदलाबदल सर्रास होते. 'गीतरामायणा'सारख्या संचात एखादी तबकडी कमी तर नाही ना, हे दुकानातच मोजून घ्यावे. सुटी मिळणे फार कठीण.

क्रमांक काय सांगतो?

लेबल ही तबकडीची जन्मपत्रिकाच. एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन, ब्रॉडकास्ट, ट्विन, मुंबईची 'यंग इंडिया' अशा अनेक नाममुद्रा जुन्या बाजारात आढळतात. एचएमव्हीच्या भारतीय एलपींवरील 'ईएएलपी', 'ईसीएलपी' ही अक्षरे मोनो, तर 'ईएएसडी', 'ईसीएसडी' ही स्टिरिओ मुद्रण दर्शवितात. मात्र मूळचे मोनो मुद्रण नंतर कृत्रिमरीत्या स्टिरिओ करून पुन्हा काढल्याचीही उदाहरणे आहेत. मूळ ध्वनी हवा असल्यास मोनो प्रत शोधावी. लेबलालगतच्या गुळगुळीत भागात कोरलेला साचा क्रमांकही टिपून ठेवावा. लेबल फाटले तरी त्यावरून मुद्रणाची ओळख पटू शकते.

पाणी चालेल, स्पिरिट नको

लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल कदापि लावू नये. लाख त्यात विरघळते. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसावे, लेबल कोरडे ठेवावे आणि तबकडी लगेच टिपून घ्यावी. आपल्याकडील पावसाळ्यात कागदी पाकिटांना बुरशी धरते. अशी पाकिटे बदलावीत. तबकड्या एकावर एक रचू नयेत. उभ्या ठेवाव्यात, भिंतीच्या ओलीपासून आणि खिडकीच्या उन्हापासून दूर.

मालकी तबकडीची, गाण्याची नव्हे

जुनी तबकडी विकत घेण्यात वा विकण्यात कायद्याची आडकाठी नाही. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे अबाधित राहतो. काव्य आणि चाल यांचे हक्क स्वतंत्र असून ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. त्यामुळे तबकडीवरून प्रती काढून विकणे हा गुन्हा ठरू शकतो.

नोंद हाच वारसा

केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळात गेली. त्यांच्याच पिढीतील अनेक गायक-वादकांच्या आवाजाला मात्र एखाद्या कपाटातील तबकडीपलीकडे आधार उरलेला नाही. अशी दुर्मीळ तबकडी चरे पडलेली असली तरी सोडू नये. बाजारात मुबलक मिळणारी मात्र चांगल्या अवस्थेतच घ्यावी. हा साधा नियम पाळला तर पैसा आणि जागा दोन्ही वाचतात.

प्रत्येक खरेदीनंतर कलावंत, राग किंवा गीत, कंपनी, क्रमांक, अवस्था आणि ती कुठून मिळाली याची वहीत नोंद करावी. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेचे काम हौशी संग्राहकांच्या अशा चिकाटीवरच उभे राहिले. आपल्यामागे हा संग्रह कुणाकडे जावा, हेही त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. तसे न केल्यास आज रद्दीवाल्याकडून सोडविलेली तबकडी उद्या पुन्हा त्याच तराजूत जाऊन पडेल.