देवळालीतला ळ

देवळाली प्रवराच्या पोराला 'ळ' म्हणायला कुणी शिकवावं लागत नाही. जिभेचं टोक आपोआप मागं वळतं आणि टाळूला लागतं. पण हेच नाव रोमन लिपीत लिहा. 'ल' आणि 'ळ' या दोघांना मिळून तिथं एकच अक्षर, एल! परगावचा माणूस 'देवलाली' वाचून मोकळा होतो. नाशिकजवळच्या देवळालीची दशा तर याहून वाईट. तिथल्या छावणीत मायदेशीच्या बोटीची वाट पाहत कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांनी त्या नावाचं 'डूलॅली' केलं, आणि इंग्रजीत त्याचा अर्थ झाला 'डोकं फिरलेला'!

ही अडचण जुनीच. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रोमन अक्षरांत छापलं गेलं; त्यात 'ळ'साठी दोन एल जोडले आहेत. रोमीत कोकणी लिहिणारे अजूनही तसंच लिहितात.

स्टीफन्स इंग्लंडचे. शेजारच्या वेल्समध्ये हीच जोडी निराळ्याच ध्वनीसाठी चालत होती. जीभ 'ल'च्या जागी ठेवायची, कंठ मुका ठेवायचा आणि बाजूनं नुसती हवा फुंकायची. करून पाहा, जमेल! इंग्रजांना मात्र जमेना. म्हणून शेक्सपियरच्या नाटकातल्या वेल्श कप्तानाचं नाव 'फ्लुएलेन' झालं. ग्रिफिथ रॉबर्ट या वेल्श पंडितानं १५६७ साली मिलानमध्ये छापलेल्या व्याकरणात जोडी टाळून एका एलखाली टिंब दिलं. गंमत अशी, की आज विद्वान लोक आपला 'ळ' रोमनमध्ये लिहितात तो नेमका त्याच टिंबानं.

एकाच खुणेचे असे दोन उच्चार होऊ लागले, तर परक्यानं वाचायचं कसं? १८८६ साली पॅरिसमध्ये ध्वनिशास्त्रज्ञांची परिषद स्थापन झाली, ती ध्वनिगणिक वेगळं चिन्ह देण्याच्या खटपटीतच वाढली. तिच्या लिपीत 'ळ'च्या एलला खाली उजवीकडे वळलेली शेपटी आहे, आणि वेल्श एलच्या कमरेला चक्क पट्टा!

रशियात व्होल्गेच्या खोऱ्यात मोक्ष नावाची नदी आहे आणि त्याच नावाची भाषा. (आपल्या मोक्षाशी तिचा संबंध नाही हं!) तिथं 'कल' म्हणजे मासा. मासे अनेक झाले की त्या 'ल'चा कंठ मुका होतो. रशियन लिपीत अशा 'ल'ला अक्षर नाही, म्हणून पुढे 'ख' जोडून काम भागवतात. आपण तरी काय करतो? प्रवरेकाठच्या कोल्हारात 'ल'ला 'ह' जोडतो, गुऱ्हाळात 'र'ला. फरक एवढाच, की आपला कंठ बोलता असतो.

आणि नागरी लिपीचा फार अभिमान वाटत असेल, तर चहात चमचा फिरवता फिरवता हे दोन शब्द मोठ्यानं म्हणा. 'चहा'तला च वेगळा, 'चमच्या'तला वेगळा. अक्षर मात्र एकच. आपलं त्यावाचून अडत नाही. पण परप्रांतातून मराठी घरात आलेल्या सुनेला विचारा, प्रत्येक शब्दाला तिला कुणाच्या तरी तोंडाकडे पाहावं लागतं.