निद्रा आणि ऊर्जासंतुलन

झोपेचा कालावधी, तिची प्रत आणि तिची वेळ यांचा शरीरातील ऊर्जेच्या जमाखर्चावर होणारा परिणाम. अन्नातून मिळालेली ऊर्जा आणि शरीराने खर्च केलेली ऊर्जा यांच्या मेळाला ऊर्जासंतुलन म्हणतात. आवक सतत जास्त राहिली तर वजन वाढते, खर्च जास्त राहिला तर घटते. झोप या हिशेबाच्या दोन्ही बाजूंना हात घालते, पण सारखा नाही : अपुऱ्या झोपेने खर्च किंचित वाढतो, भूक मात्र बरीच वाढते. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या तीन पाळ्यांत चालणाऱ्या औद्योगिक पट्ट्यात हा विषय रोजच्या जगण्यातला आहे.

खर्चाची बाजू : झोपेत शरीराचे काम थांबत नाही. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे चालूच असतात. चयापचयाचा वेग जागेपणी स्वस्थ पडून राहिल्यावर असतो त्याहून थोडाच खाली येतो. त्यामुळे रात्रभर जागून जळणारी चरबी फार नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूर्ण रात्र जागलेल्या निरोगी तरुणांचा चोवीस तासांचा खर्च सुमारे ७ टक्क्यांनी, म्हणजे १३४ किलोकॅलरींनी वाढला. एका मोठ्या चपातीने ही सारी भर निघून जाते. उलट, झोपेची तूट अनेक आठवडे राहिली आणि तिच्या जोडीला झोपेच्या वेळाही विस्कटल्या, तर विश्रांतीच्या अवस्थेतील चयापचयाचा दर उतरतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा तीन आठवड्यांनंतर तो सुमारे ८ टक्क्यांनी घटलेला आढळला.

आवकेची बाजू : पोट रिकामे असल्याची खबर देणारे घ्रेलिन आणि चरबीचा साठा पुरेसा असल्याची खबर देणारे लेप्टिन ही भुकेची दोन प्रमुख संप्रेरके. शिकागो विद्यापीठातील कारीन स्पीगेल, एव्ह व्हान कॉटर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये १२ तरुणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. दोन रात्री जेमतेम चार तास झोपल्यावर, दहा तास झोपेच्या तुलनेत, लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त भरले. गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची ओढ विशेष वाढली. पुढच्या सर्व अभ्यासांत ही संप्रेरके तशीच हललेली दिसली नाहीत, पण जास्त खाल्ले जाते ही बाब पुन्हा पुन्हा आढळली. अकरा अभ्यासांच्या २०१७ मधील एकत्रित विश्लेषणात कमी झोपेच्या दिवसांतील आवक सरासरी ३८५ किलोकॅलरींनी अधिक निघाली, खर्चात मात्र लक्षणीय फरक नव्हता. कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०१३ मधील प्रयोगात पाच रात्री पाच-पाच तास झोपलेल्यांचा खर्च सुमारे ५ टक्क्यांनी वाढूनही त्यांचे वजन सरासरी ०.८२ किलोग्रॅमने वाढले. जास्तीचे खाणे मुख्यतः रात्रीच्या जेवणानंतरचे होते.

ग्लुकोज व इन्शुलिन : व्हान कॉटर यांच्याच गटाने १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ११ तरुणांची निरीक्षणे मांडली. सहा रात्री चार तास झोपल्यावर, झोप भरून काढलेल्या दिवसांच्या तुलनेत, रक्तातील ग्लुकोज हटण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी मंद होता. २०१२ मध्ये चार रात्री साडेचार तास झोपलेल्यांच्या चरबीच्या पेशी तपासल्या, तेव्हा त्यांचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुमारे ३० टक्क्यांनी घटलेला होता. म्हणजे कमी झोपेचा परिणाम केवळ मेंदूवर व भुकेवर नसून थेट ऊतींवरही होतो.

भारतीयांच्या बाबतीत याला आणखी एक संदर्भ आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे छापली : दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या देहातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. त्यामुळे झोपेच्या तुटीचा भार वजनकाट्यावर दिसण्याआधीच रक्तातील साखरेवर पडू शकतो.

देहघड्याळ : मेंदूच्या तळाशी असलेले मध्यवर्ती घड्याळ डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशावरून वेळ ठरवते, यकृत, स्वादुपिंड, स्नायू व चरबी यांची घड्याळे जेवणाच्या वेळेवरूनही जुळतात. पेशींतील या घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्री ग्लुकोज हाताळण्याची शरीराची क्षमता कमी असते. म्हणून तेच ताट दुपारी आणि मध्यरात्री सारखे पचत नाही. बॉस्टनमधील फ्रँक शीअर यांच्या २००९ मधील प्रयोगात झोपेच्या व जेवणाच्या वेळा बारा तासांनी उलटल्या, तेव्हा लेप्टिन १७ टक्क्यांनी घटले, ग्लुकोज ६ टक्क्यांनी आणि इन्शुलिन २२ टक्क्यांनी वाढले.

चऱ्होली व औद्योगिक पट्टा : इंद्रायणीकाठचे, आळंदीजवळचे चऱ्होली बुद्रुक १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. एकीकडे भोसरी, दुसरीकडे चाकण आणि मध्ये हे गाव, अशी त्याची जागा. जुने गावठाण, उरलीसुरली शेती आणि नवी गृहसंकुले यांचे इथे मिश्रण आहे. वाहन व सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत पहिली, दुसरी आणि तिसरी पाळी आलटून-पालटून करावी लागते. रात्रपाळीहून सकाळी परतलेल्याची झोप दिवसाच्या उजेडात, पत्र्याखालच्या उकाड्यात, शाळेच्या आणि पाणी येण्याच्या वेळेत तुटत जाते. ती रात्रीच्या झोपेपेक्षा साधारणपणे कमीच भरते. पाळीत जाग राहावी म्हणून साखरेचा चहा, बिस्किटे, फरसाण, वडापाव हा आधार. घरी आल्यावर नाश्ता. दुपारी कुटुंबासोबत पुन्हा जेवण. झोपेची तूट आणि अवेळी आहार अशी दोन्ही ओझी इथे एकत्र येतात. बारा अभ्यासांच्या २०१५ मधील विश्लेषणात पाळीच्या कामाचा प्रकार २ मधुमेहाशी संबंध दिसला. फिरत्या पाळीत आणि पुरुषांत तो अधिक ठळक होता.

उपाय : २०२१ मधील एका प्रयोगात कृत्रिम रात्रपाळीत रात्री जेवणाऱ्यांचे सरासरी ग्लुकोज ६.४ टक्क्यांनी वाढले. तेवढेच जागून फक्त दिवसा जेवणाऱ्यांचे लक्षणीय वाढले नाही. त्यामुळे मुख्य जेवण पाळीवर निघण्याआधी करून मध्यरात्री हलके किंवा काहीच न खाणे श्रेयस्कर ठरते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र असा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. माणसाचे आतले घड्याळ चोवीस तासांहून सुमारे अकरा मिनिटे लांब असल्याने सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकणारी पाळी उलट्या क्रमापेक्षा सोसायला सोपी जाते. पाळीपूर्वी डुलकी, परतताना गॉगल, दिवसा काळोखी खोली यांचाही उपयोग होतो. वजन उतरवणाऱ्यालाही झोप टाळता येत नाही : २०१० मधील एका अभ्यासात मोजक्या आहारावरील व्यक्तींना साडेआठऐवजी साडेपाच तास झोपायला दिले, तेव्हा एकूण वजन तेवढेच घटले, पण त्यातील चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी कमी झाला आणि स्नायूंसारख्या ऊतींची घट ६० टक्क्यांनी वाढली. २०२२ मध्ये जादा वजनाच्या ८० तरुणांची झोप घरीच सुमारे सव्वा तासाने वाढवली, तेव्हा त्यांची रोजची आवक आहाराचा कोणताही सल्ला न देता सुमारे २७० किलोकॅलरींनी उतरली.

मर्यादा : यांतील बहुतेक प्रयोग थोड्या, निरोगी, प्रायः तरुण व्यक्तींवर, काही दिवसांचे आणि परदेशातील आहेत, वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्याचे शरीर काही अंशी जुळवून घेते का, हे व्यक्तीगणिक बदलते. तरीही दिशा एक आहे. वाढलेल्या वजनाचा आणि साखरेचा ठपका कामगाराच्या जिभेवर ठेवण्याआधी त्याच्या पाळीचे वेळापत्रक आणि उपाहारगृहातला रात्रीचा पदार्थ पाहिला पाहिजे. पहिल्यावर व्यवस्थापनाचा ताबा असतो, दुसऱ्यावर व्यवस्थापन आणि कामगार दोघांचाही.