निलगिरी पर्वतावरील युकॅलिप्टसची लागवड

मराठीत निलगिरी म्हणून ओळखली जाणारी युकॅलिप्टस ही प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातील वनस्पती-प्रजाती असून तिच्या सातशेच्या आसपास जाती आहेत. कळीवर घट्ट बसलेली आणि फूल उमलताना गळून पडणारी टोपी ही त्या प्रजातीची ठळक खूण होय. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निलगिरी पर्वतावर उटकमंडसारखी इंग्रजांची ठाणी वसली, तेव्हा थंड हवेत लागणारे सरपण शोलांतून, म्हणजे डोंगरघळींतील ठेंगण्या सदाहरित वनांतून, तोडले जाऊ लागले. शोलातील वृक्ष अतिशय सावकाश वाढतात आणि तोडीची भरपाई होत नाही, हे ध्यानात आल्यावर तेथे बाहेरची झाडे लावण्याचा विचार बळावला. 1843 मध्ये युकॅलिप्टस तेथे आणले गेले आणि 1856 पासून सरपणासाठी त्याची नियमित लागवड सुरू झाली.

यासाठी निवडलेली ग्लोब्युलस ही टास्मानिया व आग्नेय ऑस्ट्रेलियातील जाती भारतात थंड, उंच प्रदेशातच जोमाने वाढते. तिच्या रोपाची पाने रुंद, बिनदेठाची, समोरासमोर आणि निळसर मेणचट लेपाची असतात, तर मोठ्या झाडाची पाने लांब, कोयत्यासारखी वाकडी व लोंबती असतात. कळ्या बहुधा एकेकट्या, खडबडीत व कंगोरेदार असतात. मैदानी भागात पसरलेल्या टेरेटिकॉर्निस या जातीच्या कळ्या मात्र गुच्छात येतात व त्यांची टोपी शिंगासारखी निमुळती असते. बी अत्यंत बारीक असल्याने ते वाफ्यात पेरून रोपे पावसाळ्याच्या आरंभी लावली जातात, आणि तोडलेल्या खुंटाला पुन्हा धुमारे फुटत असल्याने एकाच लागवडीतून अनेकदा लाकूड मिळते.

शोलांवरील भार या झाडाने हलका केला, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु पुढे तेल, कागद व कृत्रिम धागा यांसाठी लागवड वाढत गेली, तसे शोलांभोवतीचे गवताळ माळ पडीक समजून व्यापले गेले. तेथील तोडा जमातीचे लोक जनावरे चारत ते हेच माळ, आणि पावसाचे पाणी मुरवून ओढ्यांना पुरवणारेही तेच. अशा माळांवर युकॅलिप्टस लावल्यानंतर ओढ्यांचा प्रवाह घटल्याचे निरीक्षणांतून आढळले आहे. म्हणून जात ओळखून, जमिनीचा मूळ स्वभाव जाणून आणि गवताळ माळ राखूनच युकॅलिप्टस लावावे, हाच निलगिरीच्या इतिहासाचा स्पष्ट निष्कर्ष होय.