पंगतीतून उठलेली मुले



काही दिवसांपूर्वी आमच्या बारडोलीच्या तरुण वर्गात मी दानीएलाचा पहिला अध्याय शिकवत होतो. बाबेलच्या राजाच्या मेजावरचे अन्न चार इब्री मुलांनी नाकारले, तो प्रसंग. धडा संपल्यावर दहावीतला एक मुलगा म्हणाला, "सर, ते चौघे होते. माझ्या वर्गात मी एकटाच आहे. रविवारची मॅच सोडून उपासनेला आलो की सगळे हसतात. आता मला खेळायला बोलावतही नाहीत."

माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर कॉलेजात असताना मित्रांनी माझ्या विश्वासाची थट्टा केली, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर हसलो होतो. म्हणून घरी येऊन मी आपल्या मंडळीचा जुना इतिहास पुन्हा वाचला. त्यात मला त्या मुलाच्याच वयाची मुले भेटली.

पहिला आपल्या शेजारचाच, भडोचकडचा पारशी मुलगा धनजीभाई नवरोजी. तो मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकत होता. हीच शाळा पुढे विल्सन कॉलेज झाली. १ मे १८३९ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता. पारशी समाजात मोठी खळबळ उडाली. प्रकरण मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले. कुठे राहायचे हे ठरवण्याइतका तो समजता आहे, असे कोर्टाने मानले आणि तो विल्सन साहेबांकडे परतला. पण पालकांनी शाळेतून मुले काढून घेतली आणि वर्ग ओस पडले. कालपर्यंत ज्यांच्या शेजारी बसून तो धडे गिरवत होता, त्या सोबत्यांच्या जागा रिकाम्या झाल्या. आमच्या मुलाचे दुःख थोडेफार हेच नाही का?

दुसरी गोष्ट दोन मराठी ब्राह्मण भावांची. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, सुमारे बारा वर्षांचा, मिशनरी साहेबांच्या घरी राहत होता. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. वडिलांनी कोर्टात दाद मागितली. मुलगा अज्ञान म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्या बापावर आपण रागावू नये. मूल हातचे जाईल या भीतीने कोणाही बापाचे काळीज तुटेल.

मुलगा घरी आला, पण प्रश्न संपला नाही. तो ख्रिस्ती लोकांबरोबर राहिला आणि जेवला होता. आता त्याला पंक्तीला घ्यायचे की नाही, यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत तट पडले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर हिंदूच होते. प्रायश्चित्त देऊन मुलाला जातीत परत घ्यावे, यासाठी ते उभे राहिले आणि त्यापायी त्यांनाही स्वजातीयांचा रोष सोसावा लागला. बारा वर्षांच्या लेकरासाठी वाईटपणा घेणारा तो माणूस आपल्या मंडळीतला नव्हता, हे आपण कृतज्ञतेने लक्षात ठेवू.

या साऱ्या वादाच्या मुळाशी होती पंगत. तू कोणाबरोबर जेवतोस, त्यावर तू कोणाचा हे ठरत असे. आज कॅन्टीनचे टेबल, मोबाईलवरचा ग्रुप, वाढदिवसाची पार्टी या आपल्या मुलांच्या पंगती आहेत. तिथून उठवले जाण्याची भीती त्यांना वाटते, ती काही खोटी नाही. "त्यात काय एवढे?" असे आपण मोठ्यांनी म्हणू नये.

मग नारायणाचे काय झाले? एक पंगत त्याला कायमची बंद झाली. पुढे रेव्हरंड नारायण शेषाद्री जालना भागात गेले, मांग समाजातील लोकांमध्ये राहिले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. ज्यांची सावलीही ब्राह्मण टाळत असत, त्यांचे ते भाऊ झाले. धनजीभाईही दीक्षित सेवक होऊन सुवार्तेच्या कामात म्हातारे झाले. लोकांनी उठवलेल्या या मुलांना प्रभूने त्याच्या मोठ्या पंगतीत बसवले, आणि तिथे त्यांनी इतरांसाठीही जागा केली.

पण एक गोष्ट विसरू नका. या मुलांना कोणीतरी दार उघडून घरात घेतले होते. कोणी जेवू घातले, कोणी शिकवले, कोणी कोर्टापर्यंत सोबत केली. हे आम्हा बारडोलीकरांना वेगळे समजावून सांगायला नको. १९२८ च्या सत्याग्रहात सारावाढीविरुद्ध इथला शेतकरी टिकला, तो एकेकटा टिकला नाही. गावोगाव लोकांनी मिळून शपथ घेतली होती आणि वल्लभभाईंनी तालुकाभर छावण्या उभ्या केल्या होत्या. जप्ती आली तरी शेजारी पाठीशी आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होते. दानीएलही चौघांतला एक होता.

म्हणून त्या मुलाला मी पुढच्या रविवारी सांगितले, "बाळा, मित्रांवर रागावू नकोस. त्यांच्याशी बोलणे सोडू नकोस. पण हसू नये म्हणून प्रभूला लपवू नकोस. माझ्याकडून ती चूक झाली आहे." आणि उपासनेनंतर त्याला घरी जेवायला घेऊन गेलो. हळूहळू वर्गातली आणखी तीन मुले येऊ लागली. आता उपासना झाली की आधी जेवण आणि मग क्रिकेट!

आईबापांनो, वडीलजनांनो, आपली मुले विश्वासात टिकावीत असे वाटत असेल, तर नुसता उपदेश पुरणार नाही. शाळेत एकटे पडलेले लेकरू मंडळीतही एकटेच बसत असेल, तर दोष त्याचा नाही. या रविवारी आपल्या पानाशेजारी आणखी एक पान मांडा.

हे प्रभू, तू जकातदारांच्या पंक्तीला बसलास आणि लोकांची बोलणी सोसलीस. आमच्या मुलांना तुझे नाव सांगण्याचे धैर्य दे, आणि ती एकटी पडू नयेत म्हणून आमची घरे उघड. आमेन.