मशाल कोणाच्या हाती?

ऑलिम्पिकची मशालदौड प्राचीन ग्रीसपासून चालत आली, असे आपण सहज मानतो. इतिहास तसे सांगत नाही. प्राचीन ऑलिंपियात वेदीवर अग्नी तेवत असे. पण तिथून मशाल घेऊन देशोदेशी धावण्याची प्रथा नव्हती. आधुनिक स्पर्धेत ज्योत पहिल्यांदा पेटली १९२८ साली, अ‍ॅम्स्टरडॅममध्ये. मशालदौड सुरू झाली १९३६ साली, हिटलरच्या बर्लिनमध्ये. कार्ल डीम यांनी ती आखली आणि तीन हजारांहून अधिक धावपटूंनी ऑलिंपियाहून ज्योत आणली. नाझींना प्राचीन ग्रीसचे वारस म्हणून मिरवायचे होते. ज्या ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकियातून मशाल गेली, तिथे तीन वर्षांच्या आत जर्मन फौजा शिरल्या.

तरीही ही प्रथा टिकली. मला वाटते, हात बदलले म्हणून टिकली. १९४८ साली लंडनच्या दौडीतला पहिला धावपटू ग्रीक सैनिक होता. त्याने शस्त्र खाली ठेवले, गणवेश उतरवला आणि मगच मशाल घेतली. १९६४ साली टोकियोत ज्योत पेटवली योशिनोरी साकाई यांनी. अणुबॉम्ब पडला त्याच दिवशी हिरोशिमा प्रांतात त्यांचा जन्म झाला होता. १९९६ साली अटलांटात मुहम्मद अली उभे राहिले. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून १९६७ साली त्यांचे विजेतेपद काढून घेतले गेले होते. त्याच देशाने आता त्यांच्या थरथरत्या हाती मशाल दिली.

प्रतीक कोणी जन्माला घातले हे विसरू नये. पण त्याचा अर्थ तिथेच संपत नाही. म्हणून मी ज्योतीआधी ती धरणारा हात पाहतो, आणि तो कोणी निवडला हेही विचारतो.