शत्रूचीही बाजू ऐकणारा इतिहासकार

गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी १९३१ साली मुंबईहून ‘राजपुताना’ या बोटीने निघाले. तिचीच एक भगिनी बोट होती ‘रावळपिंडी’. दुसरे महायुद्ध पेटताच ब्रिटिशांनी या प्रवासी बोटीवर जुन्या तोफा चढवल्या आणि तिला आइसलंडच्या बाजूला गस्तीवर धाडले. २३ नोव्हेंबर १९३९ रोजी तिची गाठ ‘शार्नहोर्स्ट’ आणि ‘ग्नायझेनाऊ’ या बलाढ्य जर्मन युद्धनौकांशी पडली. साठीचे कप्तान एडवर्ड केनेडी शरण गेले नाहीत. बोट बुडाली आणि त्यांच्यासह २३८ जण मृत्युमुखी पडले.

त्यांचा मुलगा लुडोविक तेव्हा वीस वर्षांचा होता. तोही आरमारात अधिकारी झाला. मे १९४१ मध्ये ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचा पाठलाग झाला, तेव्हा तो ‘टार्टार’ या विनाशिकेवर होता. तिचा अंत त्याने जवळून पाहिला.

पुढे लुडोविक केनेडी पत्रकार आणि दूरचित्रवाणीवरचे नामवंत निवेदक झाले. ‘बिस्मार्क’च्या पाठलागावर त्यांनी १९७४ साली ‘पर्सूट’ हे पुस्तक लिहिले. वडिलांचा जीव ज्यांनी घेतला, त्या आरमाराबद्दल सूडाने लिहिणे त्यांना सोपे होते. पण त्यांनी दोन्हीकडची हकिगत मांडली. ‘बिस्मार्क’वरच्या बावीसशेहून अधिक खलाशांपैकी जेमतेम ११५ वाचले. ती माणसेही त्यांच्या पुस्तकात माणसेच राहिली. ‘शार्नहोर्स्ट’वरही त्यांनी दूरचित्रवाणीसाठी माहितीपट केला.

ही वृत्ती कुठून आली? मला वाटते, घरातूनच. त्यांच्या वडिलांवर १९२१ साली, खाणकामगारांच्या संपाच्या काळात राखीव नौसैनिकांनी केलेल्या अवज्ञेवरून लष्करी खटला चालला होता आणि ठपकाही बसला होता. तो अन्याय होता, असे मुलाला कायम वाटत राहिले. निकाल लागला म्हणजे सत्य ठरले, यावर त्यांचा विश्वास उरला नाही.

म्हणूनच त्यांनी १९५० साली फाशी गेलेल्या टिमथी इव्हान्सचे प्रकरण उकरून काढले. ‘टेन रिलिंग्टन प्लेस’ हे पुस्तक १९६१ साली आले. १९६६ मध्ये इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली.

२००९ साली, वयाच्या ८९व्या वर्षी केनेडी गेले. लढाईचा इतिहास लिहिणारे पुष्कळ असतात, मंडळी. पण आपल्या घरचा माणूस गमावूनही समोरच्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणारे फार थोडे. केनेडी मला मोठे वाटतात ते त्यामुळेच.